धुण्याचं मशीन आणि आबासाहेबांचं मीटर

२८ नोव्हेंबर १९९३, रविवार

आलं एकदाचं! माझ्या लिंबाजीदादाची औरंगाबादहून बदली झाली, नवं क्वार्टर लहान, म्हणून त्याचं धुण्याचं मशीन आता आमच्या न्हाणीत येऊन बसलंय. टेम्पोवाल्याने दारातच विचारलं, 'बाई, फ्रीज हाय का?' गल्लीतल्या बाया एकेक करून बघून गेल्या. एका बाजूला धुवायचा टब, दुसऱ्या बाजूला पिळायचा ड्रायर. वर फिरवायची बटणं.

मिरवायला नाही आणलं. दसऱ्याच्या सुमाराला सासूबाईंना लकवा झाला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून रोजच्या ओल्या चादरी, लुगडी, मेणकापड. ह्यांची नोकरी सोनपेठला — सकाळच्या एसटीने जातात ते दिवेलागणीला येतात. म्हणजे सगळं धुणं माझ्या मनगटावर! परवा शाळेत खडू हातातून गळून पडला, पोरी हसल्या. हे म्हणाले, 'नसेल जमत तर सोडून दे नोकरी.' किती सहज म्हणाले! माझ्या बापाने बैल घ्यायचा सोडून मला डी.एड.ला घातलं, ते चादरी घासायला नाही. आता मशीन आहे. सोडत नाही मी.

३० नोव्हेंबर

पहिल्याच दिवशी फजिती. मला वाटलं, मळ जास्त तर जोर जास्त. बटण 'जाड कपडे'वर, वेळ पूर्ण, आणि घरात रॉकेल नाही म्हणून पाणी विजेच्या शेगडीवर तापायला ठेवलेलं. दोन्ही एकदम चालू केलं आणि घरातला बल्ब काजव्याएवढा झाला. पुढून आबासाहेबांचा आवाज — 'बंद करा! बंद करा!' त्यांच्या टीव्हीवरचं चित्र आकसून गेलं होतं म्हणे.

आबासाहेब आमचे घरमालक. निजामाच्या वेळी उर्दू शाळेत शिकलेले, अजून वहाणा घालतानासुद्धा हुकूम देतात. ते पुढच्या खोल्यांत, आम्ही मागच्या. मीटर एकच, बिल निम्मं-निम्मं. बोळात मला मीटरखाली उभं केलं आणि म्हणाले, 'बघा मास्तरीणबाई! भिंगरीवानी पळायलंय. घर भाड्यानं दिलंय, कारखाना टाकायला न्हाई.'

मागे दाराआड त्यांच्या पत्नी कमलबाई. स्वभाव वाईट नाही त्यांचा. साखर लागली तर वाटीभर देतात. वाटी परत नेली की नळाखाली धरतात आणि मगच आत नेतात. दिसतं मला.

१ डिसेंबर

हाताने धुतलं. भीतीने! स्वतःचीच चीड आली.

४ डिसेंबर

मशीनबरोबरचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलं. अगं बाई, मी किती उधळपट्टी करत होते! पाणी तापवायचं कामच नाही, गार पाण्यात चालतं. चादरी आदल्या संध्याकाळी साबणाच्या पाण्यात भिजत घातल्या की सकाळी मळ आपोआप सुटलेला असतो. मग बटण 'नेहमीचे'वर, वेळ निम्मा. ड्रायर तर नकोच — परभणीचं ऊन काय लोणच्याला ठेवायचंय? आधी पांढरं धुवायचं, त्याच साबणाच्या पाण्यात नंतर रंगीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं — टब भरलेला पाहिजे. अर्ध्या टबाला जवळजवळ तेवढीच वीज लागते.

आज तसं करून पाहिलं. बल्ब हललासुद्धा नाही. चादरी स्वच्छ! मी शाळेत वेळेवर, अंबाड्यात फूल घालून. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, 'आज काय विशेष?' काय सांगू!

६ डिसेंबर

पुतळ्याजवळ अभिवादन करून आलो. गर्दीत एकच विषय — या खेपेला विद्यापीठाचं नामांतर नक्की. हे म्हणाले, 'दरवर्षी नक्कीच असतं.'

१२ डिसेंबर

टब भरत नाही. कारण आत्याबाई — सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते!

मी त्यांचं लुगडं भिजवलं, दोनदा खळबळून घेतलं आणि आमच्या कपड्यांबरोबर टबात टाकायला निघाले, तर खाटेवरून ओरडल्या. जीभ जड झालीय, पण जरब तीच.

'माझं तुमच्यात नगं. येगळं धू.'

'आत्याबाई, स्वच्छ करून घेतलंय मी —'

'नगं म्हणलं ना! माझ्या मुताचं माझ्या लेकाच्या, पंडितच्या सदऱ्यासंगं? मी मेल्यावर कर काय करायचं ते.'

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, 'राहू दे, तिच्या मनासारखं कर.' यांना काय जातं सांगायला!

मला राग आला. या बाईने हयातभर वालूरच्या ओढ्यावर खालच्या अंगाला धुणं धुतलं, कारण वरच्या अंगाला दुसऱ्यांची धुणी असायची. त्या ओढ्याच्या गोष्टी सांगताना अजून डोळे लाल होतात त्यांचे. आणि आता कोणी काही म्हणत नाही, तर स्वतःच स्वतःला खालच्या अंगाला नेऊन बसवलंय! हे सगळं त्यांना सांगायचं होतं. पण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं, आणि डावा हात लुगड्याच्या ओल्या जागेवर घट्ट धरला होता. मी लुगडं बाजूला ठेवलं.

दोन टब. दोन्ही अर्धे.

१५ डिसेंबर

मनगट बरं आहे. आज फळ्यावर सबंध कविता लिहिली, एका दमात.

२१ डिसेंबर

बिल आलं. आणि वाढून आलं! दोन टब झाले तरी इतकं कसं? मी तर शेगडीसुद्धा अडगळीत टाकली.

आबासाहेब ओट्यावर बसूनच बोलले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. 'मी पैल्या दिवशीच सांगितलं होतं. संक्रांतीपस्तोर बघतो. फरक न्हाई पडला तर मशीन न्हेऊन टाका. न्हाई तर दुसरी जागा बघा.'

दुसरी जागा! ही जागा मिळायला आम्ही किती दारं हिंडलो ते मलाच माहीत. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. आडनाव सांगितलं की 'अहो, कालच दिली'. आबासाहेबांनी तेव्हा आडनाव विचारलं होतं, मिशीवरून हात फिरवला होता आणि किल्ली दिली होती. तेवढं मानायला पाहिजे. पण आता हे मीटरचं आहे की आणखी कशाचं? हे म्हणतात, 'तू फार विचार करतेस.' करते! एकाने तरी करायला नको?

२६ डिसेंबर

सुट्टी. मशीनला हात लावला नाही. दगडावर धुतलं. रात्री हाताला तेल चोळताना हे म्हणाले, 'रजेचा अर्ज लिहून ठेव, लागला तर असू दे.' मी दिवा मालवला.

४ जानेवारी १९९४

आत्याबाईंना पुन्हा विचारलं. गोडीने. पाय दाबता दाबता. 'एक टब झाला तर मीटर कमी पळंल, मशीन राहील, माझी शाळा राहील.'

'मग माझ्या चादरी हातानं धू,' म्हणाल्या. थोड्या वेळाने — 'न्हाई तर धूच नगं. मी ओल्यात निजते.'

दोघींनीही मग पाणी काढलं डोळ्यांतून, आणि एकमेकींना दाखवलं नाही.

९ जानेवारी, रविवार

आज जे केलं त्याने एक तर सुटले, नाही तर गेलेच.

सकाळी उजाडताना बोळ झाडायला गेले. सहज मीटरकडे पाहिलं — चकती गरागरा फिरतेय! आमच्याकडे तर एक बल्बसुद्धा चालू नव्हता. मशीनची पिन काढून ठेवलेली. मग काय, माझ्या अंगात आलं! झाडू हातात तसाच, आबासाहेबांच्या दाराची कडी वाजवली.

'बाहेर या! बघा! मशीन बंद हाय माझं, पिन काढल्याली हाय. मग हे कशानं पळायलंय?'

रागात माझी शाळेची भाषा कुठल्या कुठे गेली.

दार किलकिलं उघडलं. आबासाहेब. डोक्याला पटका नाही, अंगावर नुसतं उपरणं. मला वाटलं आता तोफ सुटणार. पण त्यांनी मीटरकडे पाहिलंच नाही. चेहरा उतरला एकदम. 'जावा,' एवढंच म्हणाले, 'घरात जावा, बाई.' आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने चकती मंदावली.

ह्यांनी कपाळाला हात लावला. 'घरमालकाच्या दारात झाडू घेऊन?' खरंच की. झाडू तरी ठेवून जायचा!

१४ जानेवारी

विद्यापीठाचं नामांतर झालं!! रेडिओवर सांगितलं. हे सोनपेठहून लवकर परत आले. आत्याबाईंना मोठ्याने सांगितलं, तर त्यांनी डावा हात उचलला, उजव्याला शोधत राहिल्या जोडायला. मी त्यांचा उजवा उचलून डाव्याला लावून दिला.

आनंद आणि धास्ती दोन्ही. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीचं कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होतं. ह्यांनी दार आतून लावलं. पण गल्ली शांत राहिली. संध्याकाळी कमलबाई तिळगूळ देऊन गेल्या, नेहमीसारखं वरून हातावर टाकून. आबासाहेब आज ओट्यावर आले नाहीत. संक्रांत संपली — म्हणजे उद्या मशीनचा निकाल.

१५ जानेवारी

आबासाहेब बोळात भेटले. खाली बघून म्हणाले, 'मशीन ऱ्हाऊ द्या.' गेले. झालं! इतकंच!

मी न्हाणीत जाऊन मशीनच्या झाकणावर डोकं टेकलं आणि वेड्यासारखी हसले. ह्यांचा रजेचा अर्ज आता चुलीत.

पण 'ऱ्हाऊ द्या' का, ते कळलं नाही.

१७ जानेवारी

आज कळलं.

शाळेतून आले तर मागच्या दारात कमलबाई. पदराखाली गाठोडं. आत आल्या — या घरात पहिल्यांदाच — आणि सरळ जमिनीवर बसल्या.

'आबासायबाचं हाय,' म्हणाल्या. 'वरीस झालं. पैलं कधीमधी, थंडी पडल्यापसून रोजच. रातच्याला अंथरूण वलं हुतंय, कळत न्हाई त्यास्नी. डॉक्टरकडं चला म्हणलं तर अंगावर येतेत. चादर तारंवर टाकू देत न्हाईत, लोकं बघतील म्हनून. मी रोज पाहाटं खोलीचं दार लावून इस्त्रीनं वाळवायलेय. हात भाजलाय बघा.'

इस्त्रीने! ओली चादर, रोज, कोरडी होईपर्यंत! मीटर पळणार नाही तर काय! दारात ऊन पडलेलं असताना! मला ओरडावंसं वाटलं. या गोष्टीवरून मी महिनाभर झोपले नाही, नोकरी सोडायची वेळ आली. पण त्यांच्या मनगटावरचा काळा डाग पाहिला आणि राग ओसरला.

'तुमी चादरी उनात टाकता म्हातारीच्या,' कमलबाई म्हणाल्या, 'कोण काय म्हणलं? तुमी दार वाजवलं ना त्या दिशी, तवापसून त्यास्नी तेच सांगायलेय मी. काल कबूल झाले.'

मी गाठोडं घेतलं. म्हटलं, 'धुते. वेगळं धुते, काळजी करू नका.'

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली!

'येगळं कशाला? खामखा मीटर पळंल.'

पलीकडे खाटेवरून आत्याबाईंचा आवाज आला. आधी वाटलं खोकला. मग कळलं, हसतायत. आजारानंतर पहिल्यांदा.

१८ जानेवारी

सकाळी आत्याबाईंनीच हाक मारली. 'पोरी, आबासायबाची चादर टाकलीस का?'

'टाकतेय.'

'मग माझंबी टाक तितंच.'

टाकलं. आज एकच टब झाला, काठोकाठ.