मच्छिंद्र बन्सी, दोनदा

सोनई, ३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! पुण्याच्या ऑफिसात बसून स्मार्ट चष्म्याचं ॲप लिहून विटले होते. आता महिनाभर इथल्या दूध संस्थेत चाचणी. चष्मा घालून रांगेकडे पाहिलं की प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव उमटतं. संस्थेच्या मागेच खोली मिळाली. शेजारच्या केशरबाईंनी आल्या आल्या खरवस दिला. त्यांचा मुलगा मच्छिंद्र चष्म्याला तिसरा डोळा म्हणतो आणि स्वतःच हसत सुटतो.

५ नोव्हेंबर
यादीत 'मच्छिंद्र बन्सी' दोनदा, म्हणून ॲप अडकतं. कारकुनाचा गलथानपणा, दुसरं काय! कुणाला न विचारता एक नोंद पुसली.

६ नोव्हेंबर
सचिव सुनीलरावांनी झाप झाप झापलं. इथे नातवाला आज्याचं नाव ठेवतात. आज्याच्या बापाचं नाव बन्सी, नातवाच्या बापाचंही; म्हणून आजाही मच्छिंद्र बन्सी, नातूही. सासऱ्याचं नाव तोंडी घ्यायचं नाही म्हणून केशरबाई लेकाला 'दादा' म्हणतात. आजा नऊ वर्षांपूर्वी वारला, आणि मी पुसली ती जित्या माणसाची नोंद. पुन्हा नोंदवायला मच्छिंद्रला समोर उभं केलं. चष्म्यात उमटलं, 'समोर कोणी नाही'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ नोव्हेंबर
सकाळच्या रांगेत एक म्हातारा. डोक्यावर 'मच्छिंद्र बन्सी'. चष्मा काढला की जागा रिकामी. तरी मागच्या बायका तेवढी जागा सोडून उभ्या होत्या. खऱ्या मच्छिंद्रचं दूध कुणी मापलंच नाही.

९ नोव्हेंबर
म्हाताऱ्याची नोंद पुसताच येत नाही. ॲप म्हणतं, 'सभासद हजर आहे.' मी नोंद पुसल्याचा गावात बोभाटा झाला; दुकानदार मला साखर देईना. केशरबाई दारात येऊन कडाडल्या, तुमी माझा दादा पुसला, त्याला परत आना, न्हाईतर हितून जित्या जायच्या न्हाई. अंगणात दगड पडले. मी दार लावून रडले.

११ नोव्हेंबर
केशरबाई आज हसून बोलल्या. मच्छिंद्रचं विचारलं. सासऱ्याचं नाव कशाला घेता, म्हणाल्या, मामंजी बरे हायेत. आणि दादा? मला लेकरू झालंच न्हाई, म्हणाल्या.

१२ नोव्हेंबर
चष्मा विहिरीत फेकला.
मच्छिंद्र आता फक्त मलाच दिसतो. दारावर धडका देतोय— कुणीतरी नावानं हाक मारा म्हणतो— तुमीच पुसलं, तुमीच हाक मारा, न्हाईतर दार फोडीन—
कडी निखळतेय.
मारली हाक. मच्छिंद्र!
ओ आली. पण दाराबाहेरून नाही. म्हाताऱ्या आवाजात, माझ्या पाठीमा—