पाचही स्क्रू जागच्या जागी

प्रिय ताई,

तुझं पार्सल गेल्या शनिवारी मिळालं. आईच्या कपड्यांवर चिकटवायला तिचं नाव छापलेल्या चाळीस पट्ट्या, नवी बॅग आणि सोमवारी सकाळी नऊला वृद्धनिवासाची गाडी दारात येईल तेव्हा काय काय तयार हवं, त्याची यादी. समास सोडलेला, मुद्द्यांना आकडे, महत्त्वाच्या शब्दांखाली दोन दोन रेघा. मुख्याध्यापिका घरीही मुख्याध्यापिकाच असते, हे मी तुझ्या मागच्या बाकावर बसून शिकले आहे. आता माझं ऐक. फोनवर तू बोलतेस, मी हूं हूं करते आणि फोन ठेवेपर्यंत सगळं तुझ्या मनासारखं ठरलेलं असतं. म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आधी खुशाली. आईची तब्येत ठीक आहे. खाणंपिणं नीट. काल जेवताना तिने मला दोनदा मावशी समजून हाक मारली आणि मावशीच्या सासूची चौकशी केली. मी सांगितलं, बऱ्या आहेत. आता बारा-पंधरा वर्षांमागे वारलेल्या बाईची आणखी काय खुशाली सांगणार? हे तुझ्यापासून लपवत नाही, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून तू म्हणशील की धाकटीने डोळ्यांवर कातडं ओढलंय. डोळे माझे शाबूत आहेत. चष्म्याच्या दुकानात काम करते मी.

सुरुवात त्या व्हिडिओ प्लेयरपासून करते, कारण आग तिथेच लागली. जुना व्हीसीआर कायमचा बंद पडला तेव्हा तू दोन दिवसांची रजा काढून आलीस आणि आम्हां दोघींना शोरूममध्ये घेऊन गेलीस. तुझ्या हातात कागद होता, मधोमध उभी रेघ. एका बाजूला ‘कॉम्बो’, दुसऱ्या बाजूला ‘वेगवेगळे’. कॉम्बोच्या बाजूला एक डबा, एक रिमोट, एक प्लग, कमी जागा, कमी धूळ, शिवाय कॅसेटवरचं सीडीवर उतरवायची सोय, म्हणजे एकदा उतरवलं की घरातल्या सगळ्या कॅसेटी भंगारात. दुसऱ्या बाजूला तू एवढंच लिहिलं होतंस, ‘वायरींचा गुंता’. आपल्या मेकॅनिककाकांनी मला आधीच बजावलं होतं की एका पोटात दोन जीव घातले की एकाच्या दुखण्यापायी दुसऱ्यालाही दवाखान्यात जावं लागतं. मी ते तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, त्यांना दोन यंत्रं दुरुस्तीला हवीत म्हणून बोलतात. मी म्हटलं, आईला फक्त कॅसेटचं हवंय, सीडीचं तुला हवंय, तर दोन घेऊ. तू म्हणालीस, जग पुढे गेलंय. जग पुढे गेलं की माझं तोंड बंद होतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आईला मात्र कुणी विचारलं नाही. ती मांडणीपाशी उभी राहून एका साध्या व्हीसीआरची झडप बोटाने आत ढकलून बघत होती, आणि विक्रेत्याने तिला सांगितलं, आजी, हात लावू नका. आठवतं तुला? मला आठवतं, आणि मी त्याला काही बोलले नाही हेही आठवतं.

ज्या बाईला हात लावू नका म्हटलं, तिच्या हातांखालून किती कॅसेटी गेल्या असतील? जिन्याखालचं आपल्या व्हिडिओ लायब्ररीचं ते एका शटरचं दुकान, पुढे बाबा सभासदांची कार्डं लिहिणार, मागे टेबलावर आई. परत आलेली प्रत्येक कॅसेट ती आधी लावून बघायची, मग रिवाइंड करायची, आणि टेप संपत आल्याचं तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. लोक काय काय करून आणायचे! कुणाची टेप चुरगळलेली, कुणाची बुरशी धरलेली, एका महाशयांच्या कॅसेटमध्ये तर मुलाने चघळलेली गोळी चिकटवली होती. आई लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायची, कॅसेट पालथी करायची आणि पाच स्क्रू काढून बशीत ठेवायची. स्क्रू बशीत आणि बशी डावीकडे. त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर आपण गृहपाठ करायचो, आणि बशीला कोपर लागलं तर ती हातावर फटका द्यायची. मला चष्म्याच्या दुकानात पहिल्याच दिवशी मालकांनी विचारलं होतं, स्क्रू बशीत काढून ठेवायचं कुणी शिकवलं.

असो. कॉम्बो घरी आला. तू स्वतः जोडून दिलास, ज्येष्ठांच्या व्यायामाची सीडी त्यात घालून दिलीस आणि गेलीस. पुढच्या महिन्याभरात आईचं बिनसलं. टीव्हीसमोर बसून राहायची. कॅसेट आत सारायची, बाहेर काढायची, पुन्हा सारायची. पडद्यावर निळा रंग. मी दुकानातून यायची तेव्हा दमलेली असायची, ती काहीतरी सांगायची, मी बरं म्हणायची. मग ज्या दिवशी तू न कळवता आलीस, त्याच दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरून, कॅसेट उघडून, टेप टेबलभर पसरली होती. हातात लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर. तू विचारलंस हे काय चाललंय, तर म्हणाली, “संध्याकाळी लोक न्यायला येतील, त्याआधी व्हायला हवं.”

तिथे ती चुकली, मान्य. लायब्ररी बंद होऊन बारा वर्षं झाली, संध्याकाळी कुणी येणार नव्हतं. पण तू त्याच आठवड्यात वृद्धनिवासाचा अर्ज आणलास. ‘घरातील उपकरणे स्वतः हाताळता येतात का?’ तू लिहिलंस, नाही. ‘वस्तूंची मोडतोड करतात का?’ तू लिहिलंस, होय, स्क्रूड्रायव्हरने कॅसेटी फोडतात. खाली दोन्ही मुलींच्या सह्या हव्या होत्या. तुझ्या सहीखाली मी सही केली आणि स्क्रूड्रायव्हर आईच्या हातातून काढून माझ्या कपाटात कुलपात ठेवला. ती हात तसाच पुढे धरून बसली होती. ताई, तो हात मला दिसत राहतो.

आता गेल्या रविवारचं ऐक. तुझ्या यादीतला सहावा मुद्दा, कॅसेटी भंगारवाल्याला देणे. मी पोत्यात भरायला बसले. एक हातातून निसटून पालथी पडली, उचलली तर नजर स्क्रूवर गेली. मी दिवसभर चष्म्यांचे स्क्रू बसवते. कुणाचा हात कसा आहे, ते मला स्क्रूच्या डोक्यावरून कळतं. घरी सुरीच्या टोकाने दांडी घट्ट करून आलेलं गिऱ्हाईक त्याने तोंड उघडायच्या आत मी ओळखते. कापऱ्या हाताने, चुकीच्या हत्याराने, रागाने फिरवलेला स्क्रू लगेच खरवडतो. या कॅसेटचे स्क्रू स्वच्छ होते. मग मी सगळी पोती उलटी केली. न उघडलेल्या कॅसेटींच्या भोकांत वर्षांची धूळ दडून बसली होती, उघडलेल्यांत नव्हती. अशा अकरा निघाल्या. अकराच्या अकरा कॅसेटींत पाचही स्क्रू जागच्या जागी. एक खरवडलेला नाही, एक तिरका नाही, एक हरवलेला नाही. असा हात दुकानात मिळाला तर आमचे मालक पायघड्या घालतील.

तीन कॅसेटी पिशवीत टाकून मी मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांच्या यंत्रात तिन्ही लख्ख चालल्या. मग ते घरी आले, कॉम्बोपुढे मांडी घालून बसले आणि पाच मिनिटांत त्यांनी रोग सांगितला. हे यंत्र आत सीडी असेल तर सीडीचीच बाजू धरून बसतं. कॅसेट घातली तरी चित्र कॅसेटचं येत नाही, त्यासाठी बाजू बदलायचं बटण दाबावं लागतं, आणि ते बटण फक्त रिमोटवर आहे. आत तुझी व्यायामाची सीडी. आणि रिमोट कपाटावर, मी ठेवलेला, कारण तुझ्या आधीच्या यादीत लिहिलं होतं की आईच्या हाती लागू देऊ नये, हरवेल. काका आधी हसले. मग आईने कॅसेटी उघडल्याचं मी सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले. म्हणाले, “अहो, बरोबरच केलं की त्यांनी! चित्र येत नाही म्हटल्यावर आधी कॅसेट साफ करायची. आम्ही तरी दुसरं काय करतो?”

म्हणजे बघ, चोर सोडून संन्याशाला फाशी. चुकलं यंत्र, चुकली तुझी सीडी, चुकला मी कपाटावर ठेवलेला रिमोट, आणि अर्जात नाव कुणाचं लागलं? आईचं. वर त्या डब्याचं कौतुक! एक ना धड, भाराभर चिंध्या.

काका गेल्यावर मी आईजवळ बसले आणि विचारलं, आई, मला का नाही सांगितलंस? ती माझ्याकडे बघून अगदी सरळ म्हणाली, “सांगितलं होतं. चित्र येत नाही म्हणून. तू म्हणालीस, उद्या बघू.” त्या वेळी ती मला मावशी समजली नव्हती. कुणाशी बोलते आहे, ते तिला पक्कं माहीत होतं. आणि मी खरंच तसं म्हणाले होते, ताई. एकदा नाही, रोज. ती तेच तेच बोलते असं आपण ठरवल्यापासून मी तिचं ऐकणंच सोडून दिलं होतं. रडले मी. तिने पदर पुढे केला नाही, म्हणाली, “रडतेस कशाला, व्हीसीआर आण.”

आणला. काकांकडचाच, वापरलेला, साधा, समोर झडप असलेला. तुझ्या सीडीसाठी वेगळा सीडी प्लेयर. दोन डबे, दोन प्लग, आणि हो, वायरींचा गुंता. घरात शोभेल असा गुंता आहे, मला आवडतो. आईने झडप बोटाने दाबून पाहिली, कॅसेट सारली, कान यंत्राजवळ नेला आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? “हेड घाण आहे. आधी कोण वापरत होतं हे?” मी कपाट उघडून तिचा स्क्रूड्रायव्हर तिला परत दिला. तेव्हापासून चार दिवस ती रोज कॅसेटी लावते, बघते, रिवाइंड करते. काल आपल्या दुकानातली लागली. एका सभासदाने हौसेने काढलेली, बाबा शिडीवर पाटी रंगवताहेत आणि तू खाली उभी राहून त्यांना पाटी वाकडी झाल्याचं सांगते आहेस. दहा वर्षांची असशील. आईने बोट दाखवून सांगितलं, “ही थोरली. हिचं नेहमी बरोबर असतं, पण पाटी वाकडी नव्हती.”

तू म्हणशील, एका यंत्राने काय सिद्ध होतं? आईचा विसरभोळेपणा वाढणारच आहे. वाढेल. डॉक्टरांकडे मी तिला नेते आहे, आणि खरंच झेपेनासं होईल त्या दिवशी मी स्वतः तुझ्याकडे अर्ज मागेन. त्या दिवशी कारणं खरी लिहू. पण रिमोटवरच्या एका बटणापायी मी माझ्या आईला घराबाहेर काढणार नाही, तू काय आणि तुझ्यासारख्या दहा मुख्याध्यापिका आल्या तरी. मालकांनी आता मला दुपारपर्यंतचंच काम दिलं आहे, आणि सकाळी समोरच्या निवृत्त नर्सबाई आईजवळ बसतात. त्यांना कॅसेटी बघायच्या असतातच. दुरून डोंगर साजरे, तसे दुरून डोंगर भयंकरही दिसतात, ताई. तू जवळ येऊन बघितलंसच कुठे?

आता पत्राचं कारण. काल मी वृद्धनिवासाच्या कचेरीत गेले होते. तिथल्या बाई भल्या निघाल्या. दोन्ही मुलींची संमती नसेल तर आम्ही कुणाला घेत नाही, म्हणाल्या, आणि अर्ज मला परत दिला. सोबत पाठवते आहे. माझी सही मी खोडली आहे, आणि तुझ्या ‘नाही’वर काट मारून लिहिलं आहे, ‘होय. आम्हांला येत नव्हतं.’ खाली तुझ्या अक्षरासारख्या दोन रेघाही मारल्या आहेत. सोमवारी नऊला गाडी येणार नाही. तू ये. आठ दिवसांची रजा काढ, यादी करू नकोस, आणि टेबलाशी बसलीस तर बशीला कोपर लावू नकोस, फटका बसेल. तुझा कॉम्बो खोक्यात बांधून ठेवला आहे, जाताना घेऊन जा. नाव छापलेल्या पट्ट्यांचं म्हणशील, तर चाळीसपैकी एकच वापरली गेली. काल आईने ती पाकिटातून काढली, चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं आणि व्हीसीआरवर, झडपेच्या वर, अगदी सरळ रेषेत चिकटवून टाकली. म्हणाली, आता हे कुणी नेणार नाही.

तुझीच, या वेळी न ऐकणारी,
शेंडेफळ