वाळूचा बांध

आई, मागच्या शनिवारी आम्ही मुलांना घेऊन समुद्रावर गेलो होतो. दोन दिवस, चांगले मुक्कामाला. ऐकून तू कपाळावर हात मारला असतास. "खारं पानी बघायला गाडी करून जायचं? येडी का खुळी गो तू?" असं म्हणाली असतीस, आणि मग चार दिवस येईल-जाईल त्याला सांगत बसली असतीस. आपल्या घरात समुद्र ही बघायची वस्तू नव्हतीच कधी. तो बांधाच्या पलीकडचा. तो आत येऊ नये म्हणून आपला खारेपाटातला अख्खा गाव वर्षभर चिखल वाहायचा. शाळेची सहल अलिबागला निघाली तेव्हा मी घाबरत घाबरत तुला विचारलं होतं, तर तू तांदळातले खडे वेचता वेचता मानही वर न करता म्हणालीस, "त्यात काय बघायचंय? रोज दोनदा येतोय मेला आपल्या दारात." मी हट्ट केला नाही. हट्ट करायला माझं तोंडच उरलं नव्हतं तेव्हा. का उरलं नव्हतं, तेच सांगायला बसलेय. तुला जाऊन बारा वर्षं झाली. हे तुझ्या जिवंतपणी सांगायला हवं होतं. पण आधी समुद्राचं सांगू दे, कारण तिथूनच हे सगळं वर आलं.

तुझ्या जावयाची शिफ्ट बदलताना मध्ये दोन दिवस सुटी आली. रोह्यातल्या त्या दोन खोल्यांत मुलं नुसती एकमेकांच्या अंगावर चढत असतात, म्हणून म्हटलं, चला. थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. नागावला एका नारळी-पोफळीच्या वाडीत खोली घेतली. अंगणात झोपाळा, मागे विहीर, आणि वाडी संपली की सुरूची झाडं आणि लगेच वाळू. धाकट्यानं समुद्र पाहिला आणि माझ्या मांडीला मिठी मारली. थोरली मात्र चप्पल भिरकावून धावतच सुटली. मी काय केलं असेल? बोटांवर मोजलं. दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सांजच्याला साडेसातला पुरी भरती. तुझा हिशेब. नवरा मोबाइलमध्ये भरतीची वेळ शोधत होता, रेंज येत नव्हती. मी सांगितलं तर हसला. मग रेंज आली, आणि बघितलं तर दहा मिनिटांचा फरक. तसा मोबाइल खिशातच घातला त्यानं! असं वाटलं, तू बाजूलाच बसलीयेस आणि पदराआड हसतेयस.

दुपार कलल्यावर थोरलीनं किल्ला करायला घेतला. बादली भरायची, उलटी करायची, बुरूज म्हणायचं. मी सावलीत बसून बघत होते आणि माझ्या हातांना नुसती खाज सुटली होती. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "किल्ला कसला करताय? पाणी आलं की जाईल भुस्सकन. आधी बांध घाला." आणि पदर खोचून उतरलेच मी. वरची कोरडी वाळू काढून टाकली, खालची ओली, जड वाळू काढायला लावली. बांध पाण्याच्या बाजूनं उतरता घ्यायचा, आतून उभा. थर घातला की टाचेनं तुडवायचा. धाकट्याला तेच काम आवडलं, थपथप थपथप नाचत होता. आत शेत केलं, सुरूच्या काड्या भात म्हणून रोवल्या. मग आइस्क्रीमच्या काड्या लावून उघाडी केली. थोरलीनं विचारलं, "हे काय गं, मम्मी?" मी सांगितलं, हे बांधातलं फळ्यांचं दार. ओहोटीला उघडायचं, शेतात साठलेलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरती चढायच्या आत बंद करायचं, नाहीतर खारं पाणी आत येतं. एकदा खारं आत आलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड काही उगवत नाही. ती ऐकत होती की नाही देव जाणे. पण आई, मला इतकी मजा येत होती. मी किती वर्षांनी अशी गुडघ्यावर बसून खेळले असेन! नवरा भजी आणायला गेला, तो जाताना म्हणाला, "पोरांना खेळायला आणलंय की तुला?"

पाच वाजून गेले आणि पाणी चढत चढत आमच्यापर्यंत आलं. पहिली लाट बांधाला टेकली आणि परत गेली. बांध हलला नाही. मुलांनी टाळ्या पिटल्या. दुसरी आली, तिसरी आली. मी कडेनं वाळू दाबत होते. आणि थोरली अचानक आत उडी मारून आली, तिनं त्या आइस्क्रीमच्या काड्या उपटल्या आणि फावड्यानं तिथंच बांध कापला. म्हणाली, "पाणी आत येऊ दे ना मम्मी, मासे येतील!"

मी तिला मारलं. फाडकन, गालावर. "खांड पाडलीस? बांध फोडतेस?" असं ओरडले, ते माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. वर आणि, "माती घाल! बघत काय उभी राहिलीस, माती घाल!" असं तिलाच ओरडत मी दोन्ही हातांनी त्या भोकात वाळू कोंबत होते. लाट आली आणि सगळंच घेऊन गेली. बाजूला पाण्यात खेळणारी माणसं थांबून बघत होती. नवरा भजीचा पुडा घेऊन तसाच उभा. "अगं, वाळू आहे ती!" एवढंच म्हणाला. थोरली रडलीसुद्धा नाही. बापाकडे गेली आणि म्हणाली, "मम्मीनी मला वाळूसाठी मारलं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वाळूसाठी नव्हतं मारलं, आई. ते मासे येतील म्हणाली ना, त्यासाठी मारलं. ते वाक्य माझं होतं.

मी नऊ वर्षांची, दादा बारा वर्षांचा. बाबांना जाऊन वर्ष झालेलं. आपल्या गावात उघाडीची राखण घरटी पाळीनं असायची आणि ती पुरुषांनी करायची. बाबा गेल्यावर ती पाळी चुलत्याकडं द्यायचं ठरत होतं, तर तू देवळासमोर उभी राहून म्हणालीस, "माझं शेत हाय, माझी पाळी मी करीन." तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आणि तू केलीस. पहाटेच्या ओहोटीला कंदील घेऊन जायचीस, तिथी मोजायचीस, एक दिवस चुकली नाहीस. मग सर्वपित्री अमावास्या आली, उधाणाची भरती. तू पहाटेच फळ्या घालून, ठोकून घरी आलीस आणि बाबांच्या पानाचा स्वयंपाक मांडलास. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. मला वाटलं, बाबांना कोळंबी आवडायची, ती पानात का नाही? मागच्या दारी टोकाचा कपचा उडालेला जुना वरवंटा पडलेला असायचा. पाणी आत आलं की मासे येतील, कोळंबी येईल, असं म्हणत तो घेतला, टोपली घेतली आणि उघाडीवर गेले. खालची फळी कशीबशी वर केली आणि खाली वरवंटा सारला. पाणी आत यायला लागलं आणि मी टोपली धरली. अशी कोळंबी आली, आई, बोटाएवढाली! मी ती घेऊन धावत घरी आले. तू म्हणालीस, "पितरांच्या पानात कोळंबी नाय चालत गो. ठेव तिथं, उद्या बघू." मी ठेवली. फळी उचललेलीच राहिली.

दुपारी बोंब उठली. तू वाढलेलं पान तसंच सोडून धावलीस. मी बांधावर उभी राहून बघत होते. तू गळ्याएवढ्या पाण्यात उतरून फळी खाली ओढत होतीस आणि पुरुष वरून सांगत होते, अशी ओढ, तशी ओढ. सहा घरांचं भात पोटरीत, कणीस फुटायच्या बेतात आलेलं होतं. आठवड्यात लाल पडलं. देवळासमोर बैठक बसली. एक म्हातारा म्हणाला, "बाईमाणसाच्या हाती उघाडी दिली, मंग आनखी काय व्हनार?" कुणी विचारलं, "फळी घातली व्हतीस का नाय?" तू म्हणालीस, "घातली व्हती. नीट बसली नसंल. चूक माझी हाय." मी खांबाला धरून उभी होते. तुझी मान खाली. पाळी चुलत्याकडं गेली, ती शेवटपर्यंत. त्यानंतर गावात बांधाचं काही बोलणं निघालं की तू उठून चुलीशी जायचीस.

मी म्हणत राहिले, तुला ठाऊक नसणार. पण दुसऱ्या दिवशी तो कपचा उडालेला वरवंटा मागच्या दारी होता. धुतलेला. मी नव्हता आणला. आणि ती कोळंबी तू टोपलीसकट नेऊन शेणखईत टाकलीस. कुठनं आणलीस, हे तू मला त्या दिवशीही विचारलं नव्हतंस आणि नंतरही नाही. ओरडली नाहीस, हात उगारला नाहीस. एक चापट मारली असतीस ना, तर मी तिथल्या तिथं सगळं ओकले असते. तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला राग येतो, अजून येतो. हे असं तुला म्हणायची माझी काय लायकी, पण येतो.

भात गेल्यावर तू पेणला पापडाच्या कामाला जायला लागलीस. सुटीत मी पण यायचे. एसटीनं रामवाडीला उतरून चालत जायचो. त्या लांबट खोलीत वीस बाया ओळीनं पोळपाट घेऊन बसलेल्या, पोह्यांच्या पिठाचा आणि पापडखाराचा वास, आणि सगळ्यांची तोंडं हातांपेक्षा जोरात चाललेली. तू लाटण्यात सगळ्यांत हळू होतीस. फावड्याचे हात ते. एकदा डबा खाताना मी म्हटलं, "आई, एक सांगू?" तू माझ्याकडं बघितलंस, बघतच राहिलीस, आणि म्हणालीस, "खा आधी. गार व्हतंय." मी खाल्लं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तोंड उघडलं, तर तू मिरगुंडांचा डबा कुठल्या पिशवीत ठेवलाय ते सांगायला लागलीस. तुझ्या शेवटच्या दुखण्यात तर मी आठ दिवस उशाशी होते. आठ दिवसांत किती वेळा तू झोपलीस आणि किती वेळा जागी झालीस! मला वेळ मिळाला नाही असं मी म्हणूच शकत नाही.

तर रविवारी सकाळी थोरली वाडीतल्या झोपाळ्यावर पाठ करून बसली होती. रात्री माझ्या हातून जेवली नव्हती. सकाळी घावण दिलं, तेही बापाकडून घेतलं. मी जाऊन शेजारी बसले, तर सरकली. म्हटलं, "चुकलं माझं. मारायला नको होतं." तिनं ऐकलंच नाही. मग मी तिला सांगायला लागले. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या सात वर्षांच्या पोरीला मी उघाडी, कोळंबी, वरवंटा, देवळासमोरची बैठक, सगळं सांगितलं. बोलता बोलता रडले. ती पाय हलवायची थांबली होती.

"मग सगळे तुझ्या आईला ओरडले?"

"हो."

"आणि तू केलं होतंस?"

"हो."

ती जरा विचारात पडली. मुलांचा न्याय मोठा कडक असतो, तुला सांगते. नंतर म्हणाली, "मग तू आईला सॉरी म्हणालीस का?"

मी "हो" म्हणाले.

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. जवळ घेतलं मला."

थोरलीनं सुस्कारा सोडला, असा मोठ्या बाईसारखा. "मग ठीक आहे," म्हणाली, आणि सरकून माझ्या कुशीत शिरली. धाकटा येऊन झोका दे म्हणून मागं लागला, मग उठलो.

हे पत्र कुठं टाकणार? आपलं घर बंद आहे, शेतात आता खारफुटी माजलीय, दादा डोलवीला कंपनीत जातो आणि तिकडंच खोली घेऊन राहतो. वहीतच राहील हे. पण पोरीनं मला माफ केलं ते तुझ्या नावावर, आई, आणि तू मला जवळ घेतलं नव्हतंस. कशी घेशील? मी सांगितलंच नव्हतं.