उणिवांचा रकाना

सर, दुपारपासून एकच फॉर्म उघडून बसले होते आणि तीनदा उठून झालं. एकदा चहाला, एकदा उगाच कपाट लावायला, एकदा खिडकीशी, तेही बाहेर पाहण्यासारखं काही नसताना. माझ्या बारावीच्या वर्गातली एक मुलगी, देवरीकडच्या जंगलातल्या गावची, परराज्यातल्या मोठ्या विद्यापीठात अर्ज करते आहे. दहावीच्या पुढे गेलेली घरातली ती पहिलीच. या अर्जात शिक्षकाने दोन रकाने भरून द्यायचे असतात, विद्यार्थ्याच्या जमेच्या बाजू आणि उणिवा. मुदत उद्यापर्यंतच. जमेच्या बाजू मी दहा मिनिटांत लिहिल्या. दुसऱ्या रकान्यापाशी घोडं अडलं. खरं लिहिलं आणि त्यांनी नाकारलं तर? घरी तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालंय, हे तिनेच सांगितलं. आणि गोडगोड खोटं लिहावं तर तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नव्हतात.

गावच्या शाळेत तुमची परीक्षा घ्यायची पद्धतच वेगळी. शिकवलेला धडा आम्ही तुमच्या घरी येऊन काकूंना समजावून सांगायचा. काकू चौथी शिकलेल्या. हात कामात, कान आमच्याकडे. त्या दिवशी त्या धानाच्या पऱ्ह्यासाठी, रोपं टाकायला, बियाणं निवडत आहेत. बादलीत मिठाचं पाणी, त्यात धान. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून घनतेची व्याख्या घडाघडा म्हणते, स्वल्पविरामासकट. वर तरंगलेले दाणे चाळणीने काढता काढता काकू विचारतात, "मंग हे पोचट वर काऊन येते, बाई?" मी म्हणते, "ते धड्यात नाही." तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत. "तुले समजलंच नाही. आन नाही समजलं त वर्गात समजलं, समजलं काऊन म्हनून राहिली?" तेही काकूंसमोर! मला इतका राग आला की त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. पाठांतर हीच तर माझी कमाई होती. गावात माझं नाव होतं ते त्याच्यावरच, आणि तुम्ही नेमकं त्यालाच नावं ठेवलीत.

पुढे नागपूरला शिकायला गेले, तिथे ते पाठांतर दोन महिनेही पुरलं नाही. प्रयोगशाळेत बाकीचे हात वर करून विचारायचे, मी मान डोलवायची. समजलं का? हो सर. पहिल्याच परीक्षेत दोन विषय गेले. दिवाळीत घरी आले तर बस स्टँडवर तुम्हीच समोर, हातात सायकल. "जमून राहिलं ना, पोरी?" आणि मी म्हणाले, "हो सर, जमून राहिलं." तुमचा चेहरा असा खुलला की शेजारच्या पानवाल्यालाही तुम्ही ते सांगितलंत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तुमचं बरोबर होतं, हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. लाज वाटते, सर. एवढी वर्षं झाली तरी वाटते. ते दोन विषय मी नंतर काढले, एका मैत्रिणीला विचारून विचारून, पण ते तुम्हाला कुठून कळणार.

म्हणून आज त्या रकान्यात लिहिलं, 'प्रश्न विचारायला घाबरते.' लिहिल्यावर आपण फार प्रामाणिक आहोत असं वाटलं. मुलीला बोलावून वाचूनही दाखवलं. 

"मॅडम, मी कवा घाबरली? मी त रोजच विचारून राहिली तुमाले. तुमीच म्हनता, नंतर सांगते."

 मग तीच म्हणाली, "माझं दुसरंच आहे. इंग्रजी वाचता येते, पन कोनी भराभर बोललं त मी मांगं पडते. तेच लिवा."

"अगं, आणि हे वाचून त्यांनी घेतलंच नाही तर?"

"आन नाही लिवलं त तिथं मले कोन सिकवन?" ती म्हणाली. तिलाही भीती वाटत होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून तिने पार चुरगळून टाकलं होतं. तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

मी माझी ओळ खोडली. ती तिची नव्हतीच, सर. तिचा फॉर्म म्हणून मी माझाच भरत बसले होते. तिने सांगितलं तसं लिहिलं आणि पाठवून दिलं. आता ते काय करतील ते करोत.

मोहाची फुलं पहाटेच काऊन पडतात, असं तिने मला विचारलं होतं. आईबरोबर फुलं वेचायला जाते, तिथे तिला पडलेला प्रश्न. त्याला तीन आठवडे झाले. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे मी. नंतर सांगते म्हणाले, कारण मला माहीत नाही. हे पत्र तर कुठेच जायचं नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं. तिला अजून सांगितलेलं नाही.