हौदातले मासे

भाद्रपद वद्य पंचमी, संध्याकाळ

हिला हिवतापानं पाडलं त्याला आज नऊ दिवस झाले. तेव्हापासून डासांशी माझं वैर आहे. रोज कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतो आणि खोकतो मात्र मीच.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाची बातमी माझ्या पेपराला तारेनं पाठवून घरी आलो, तर शेजारचे साळवे दारात. चिकलठाण्याच्या कंपनीत फिटर आहेत.

"शास्त्रीबुवा, तुमच्या धुरानं डास माझ्या घरी येतेत, मरत नाय. हौदाचं झाकण काढा बरं."

काढलं. पाण्यात अळ्याच अळ्या. नळ दिवसाआड येतो म्हणून पूजेसाठी मीच साठवलेलं पाणी. गेल्या महिन्यात साळवे अळ्या खाणारे गप्पी मासे देत होते, तेव्हा त्यांना मी सोवळं-ओवळं शिकवलं होतं. म्हणजे हिचा ताप मीच पाळला का?

आज त्यांनी मासे सोडले. तासभर हौदापाशी बसलो. एकेक अळी गिळली जाताना इतकं बरं वाटलं की लाज वाटली, पण उठलो नाही.

ही आतून म्हणाली, "उद्या देवांना अंघोळ कशानं?"

"याच पाण्यानं. देव स्वतः एकदा मासा होऊन गेलाय, तो तक्रार करायचा नाही."

कोपऱ्यात दोन अळ्या अजून जिवंत आहेत. बॅटरी घेऊन जातो. त्यांचं काय होतं ते मला बघायचंच आहे.