कारण कळले नाही

मंगळवार, १४ तारीख
सकाळचे अकरा

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती तक्रार करण्याजोगी नाही. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझ्या रक्तदाबाचे भिंगरीकडून कळले. रविवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून तुझी चौकशी तुझ्या लेकीकडे करावी लागली. हे पत्र समितीच्या शिपायाबरोबर पाठवते आहे. पोच घेतल्याशिवाय तो हलणार नाही, तेव्हा दार उघड.

आधी समितीविषयी. लढाऊ विमान देशात बांधायचे की बाहेरून तयार घ्यायचे, हे ठरवायला आम्हा सात जणांना बसवले आहे, एवढे तुला ठाऊक आहे. अध्यक्षांचा नियम बहुधा ठाऊक नसेल. ते जन्मभर न्यायाधीश होते. ज्याला जी बाजू पटते त्याने आधी विरुद्ध बाजू लिहायची, आणि 'हो, आमचे म्हणणे हेच' अशी सही विरुद्ध पक्षाने केल्यावाचून त्याचे मत मोजायचे नाही, असे त्यांनी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकले. मी एकोणतीस वर्षे पंखांची गणिते केली. मी बांधण्याच्या बाजूची. म्हणून विकत घेण्याची बाजू मला लिहावी लागली.

ती मी मन लावून लिहिली. तयार विमान दोन वर्षांत दारात उभे राहते. आपले पंधरा वर्षे कागदावरच घिरट्या घालते आहे. सीमेवरच्या वैमानिकाला स्वाभिमानावर बसून उडता येत नाही. आणि शिकण्याची किंमत शिकणाऱ्याने मोजावी, उडवणाऱ्याने नव्हे. विकत घेण्याच्या बाजूने बसलेल्या वायुदलाच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते म्हणाले, "बाई, आमची वकिली आता तुम्हीच करा, आम्ही घरी जाऊन झोपतो!" सगळे हसले. त्यांनी सही केली. मीही हसले.

चार विरुद्ध तीन मतांनी बांधण्याचा निर्णय झाला, तोही शुक्रवारच्या चाचणीच्या अटीवर. भिंगरी विमान बारा हजार मीटरवर नेणार, तेथे त्याचे एकुलते एक इंजिन स्वतःच्या हाताने बंद करणार आणि पुन्हा पेटवणार. इंजिन तुझ्या चाचणी-शेडमधून गेलेले आहे आणि ती तुझी मुलगी आहे. तुला हे सांगण्याची गरज नाही. तरी क्रमाने लिहिते आहे. क्रम सुटला तर मी विषयालाच बगल देईन अशी मला धास्ती वाटते.

गेल्या वर्षी तुझ्या शेडमधल्या शीतकक्षात, उंचावरच्या थंडीची नक्कल करून, हे इंजिन चाळीस वेळा बंद करून पेटवून पाहिले. सदतीस वेळा पेटले, तीन वेळा पेटले नाही. अहवाल म्हणतो: 'तीन नोंदींमधील अपयश शीतकक्षाच्या तापमान-नियंत्रणातील दोषामुळे आलेले असून इंजिनाच्या मूल्यमापनात ते धरलेले नाही.' खाली चाचणी-प्रमुख म्हणून तुझी सही आहे.

रविवारी मी तुला विचारले, कक्षातला तो दोष कुणी शोधला? तू म्हणालास, "आक्का, तीनशे चाळीस माणसं आहेत माझ्या शेडमध्ये. विकतचं विमान आलं की दाराला कुलूप." मी म्हणाले, हे उत्तर नव्हे. मी असेही म्हणाले की ज्याची सही त्याची जबाबदारी. त्यावर "अहवालातलं ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय, की आता मलाच ते खरं वाटतं," म्हणालास आणि फोन ठेवलास.

ठेवलास ते योग्यच केलेस. ते वाक्य तुझे नव्हे.

शाळेतल्या निबंधापासून तुझे सगळे लिखाण माझ्या हाताखालून जाते. तो अहवालही तू माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून टाकला होतास. त्यात तू लिहिले होतेस: 'तीन वेळा इंजिन पेटले नाही. कारण कळले नाही.' मी म्हणाले, "हा अहवाल आहे की माफीनामा?" तू म्हणालास, "खरंच नाही कळलं गं." मी विचारले, कक्षात बिघाड असेल? "असेलही. काहीही असेल." तुझ्या त्या 'काहीही'मधून मला हवे ते मी उचलले, तुझी दोन वाक्ये खोडली आणि त्यांच्या जागी माझे एक घातले. ते फार सुबक झाले होते. तू नेहमीच्या विश्वासाने सही केलीस.

ते मी भाषेसाठी केले, असे वर्षभर स्वतःला बजावत आले. दुसऱ्याचा युक्तिवाद तपासायची मला खोड आहे. स्वतःचा तपासला आणि तो टिकला नाही. आपले विमान उडावे अशी माझी इच्छा होती आणि तुझी ती दोन वाक्ये वाटेत आडवी पडली होती. पुढे समितीत विरुद्ध पक्षाची बाजू लिहिताना त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा, त्या तीन नोंदींचा, मला ठाऊक होता. तो मी लिहिला नाही, आणि त्या भल्या माणसाची सही घेतली.

माझे मत अजूनही बदललेले नाही. विकतच्या विमानातही अशा तीन नोंदी असतात. फक्त त्या परक्याच्या कपाटात असतात आणि किल्ली आपल्याला मिळत नाही. आपण बांधावे ते एवढ्याचसाठी, की आपले अपयश आपल्याला उघड्या डोळ्यांनी पाहता यावे. नेमके तेच मी खोडून टाकले.

काल भिंगरी आली होती. बूट न काढताच खुर्चीत बसली. "तू आणि बाबा बोलत नाही म्हणे? आकाशात बंद पडलेलं इंजिन मी पेटवीन आत्या, तुम्हा दोघांना कोण पेटवणार?" मी विचारले, नाहीच पेटले तर? ती हसली. "बाबांचा अहवाल आहे. बाबा तपासल्याशिवाय अक्षर लिहीत नाहीत." मी उठून तिच्यासाठी पाणी आणले. ते तिने मागितलेले नव्हते.

आज नऊ वाजता मी तो मसुदा, माझ्या खाडाखोडीसह, अध्यक्षांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "बाई, याने तुमचीच बाजू पडेल." मी म्हणाले, कल्पना आहे. पण मसुद्यावर सही नाही, तारीख नाही. चाचणी-प्रमुखाच्या जबाबाशिवाय उड्डाण थांबवण्याचा अधिकार त्यांना नाही. उद्या दहा वाजता ते तुला बोलावतील आणि एकच विचारतील: कक्षात दोष सापडला होता का?

'हो' म्हणालास तर माझा कागद म्हातारीचा भ्रम ठरेल आणि शुक्रवारी विमान उडेल. 'नाही' म्हणालास तर उड्डाण थांबेल, निर्णय बहुधा उलटेल, आणि तुझ्या तीनशे चाळीस माणसांना तोंड दाखवणे तुला जड जाईल. त्यांना माझे नाव सांग. मला सांभाळून घेण्यासाठी एकही शब्द बोलू नकोस.

संध्याकाळी भिंगरीला बोलावून मी हे सारे सांगणार आहे. ती तुझीच मुलगी. ऐकून घेईल आणि 'तरीही मी उडवीनच' म्हणेल. म्हणून हा निर्णय तिच्यावर सोडता येत नाही. तो तुला घ्यावा लागेल, आणि तुझ्यावर ही पाळी मी आणली आहे.

उद्या मी तुझ्या आधी त्या खोलीत असेन. माझ्याकडे पाहून उत्तर द्यावे लागू नये, म्हणून मी तुझ्याकडे पाठ करून बसेन. पण आवाज ऐकू येईल, तेव्हा स्पष्ट बोल.

तू मानशील तर तुझीच,
आक्का