माझ्या मागून म्हणा

शुक्रवार, १ मार्च १९७४
समूहगानाच्या पथकात आज माझा अधिकृत प्रवेश झाला. निवड अत्यंत कठोर होती. संगीताच्या अध्यापिका यमुताई वर्गात येऊन म्हणाल्या की ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. मी गेलो. जे गेले नाहीत ते बाद झाले. याहून कठोर निवड कोणती असते?

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. बावीस वर्षे संस्कृत शिकवून झाल्यावर मी ‘अनट्रेंड’ असल्याचा शोध वरिष्ठांना लागला. परिणामी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी बी.एड.साठी मी पुनश्च बाकावर आरूढ झालो आहे. शेजाऱ्यांच्या मिशा अद्याप विचाराधीन आहेत. हा अवमान वर्षभर गिळला तो एकाच आशेवर: सत्रान्ताचा निरोप समारंभ आणि त्यातील समूहगान.

ही माझी पुरातन तृष्णा आहे. बालपणापासून आवाज खणखणीत, म्हणून मास्तर मला प्रार्थनेच्या रांगेतून उचलून समोर उभे करीत. मी ओळ सांगावी, शाळेने मागून म्हणावी. बहुमान निःसंशय मोठा. तथापि दोन खांद्यांच्या मध्ये उभे राहून चारचौघांबरोबर एकच ओळ एकाच वेळी म्हणण्याचा योग आजतागायत आला नाही. तो या तीस तारखेला येईल.

संकल्प: ज्येष्ठमध, कोमट पाणी, प्रातःकाळी ओंकार. तर्री-पोहे वर्ज्य. संत्री वर्ज्य.

सोमवार, ४ मार्च
पहिली रिहर्सल. पथक मंद आहे.
गीत यमुताईंनीच रचलेले: ‘फांदी हालली, ऊठ पाखरा’. साधे आहे, परंतु मी म्हटल्यास उभे राहील. मी पहिली ओळ स्पष्टोच्चारांसह संपवली व सौजन्याने थांबलो. पाहतो तो मंडळी अजून पाखरापर्यंत पोहोचायची होती. दुसऱ्या ओळीलाही तेच. यमुताईंनी पेटी थांबवून सुचवले की, पंडितजी, सगळ्यांच्या बरोबर म्हणा. मी निदर्शनास आणून दिले की मी बरोबरच म्हणतो आहे, इतरेजन विलंबाने म्हणत आहेत.

तबल्याच्या मागे बसलेल्या गोपाळरावाला हसू आले. हा मूळचा उमरेडचा, विणकरांच्या घरातला, सध्या वाडीला खोली घेऊन राहतो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पण या वर्गात मला समवयस्क म्हणावा असा तोच. चहाच्या वेळी म्हणाला, “पंडितजी, तुमी गाऊन नाई राहिले. तुमी शिकवून राहिले. ओळ सांगता अन् पोरायची वाट पाहता.” ही त्याने केलेली स्तुती मी विनयाने स्वीकारली.

बुधवार, ६ मार्च
माझे स्थान बदलले. पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी. वास्तूचा भार खांबावर असतो हे यमुताई जाणतात. विचार पटला.
तर्री-पोहे घेतले. ज्येष्ठमधाने घसा थंडावला होता, उष्णतेची नितांत गरज होती. याला संकल्पभंग म्हणता येणार नाही. हा औषधोपचार होय.

शनिवार, ९ मार्च
धुळवड. रिहर्सल नाही. साधना खंडित होऊ नये म्हणून घरीच अभ्यास केला. सहगायनार्थ कुटुंबास, म्हणजे वच्छलाबाईंस, पाचारण केले. त्या पुरणाचे हात धुऊन आल्या. मी म्हटले की एकत्र म्हणू. मी आरंभ केला. ओळ संपल्यावर त्यांनी ती सुरेख म्हटली. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “तुमच्यासंग कसं म्हणू? तुमी त पुढं चालले जाता.” वर हेही ऐकवले की गणपतीची आरतीसुद्धा या घरात वीस वर्षं दोनदा होऊन राहिली, एकदा तुमची अन् एकदा आमची.
घरोघरी एकदा होते, आमच्याकडे दोनदा. पुण्य दुप्पट. हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

गुरुवार, १४ मार्च, सायंकाळी
अत्यंत क्षुब्ध मनाने लिहितो.
यमुताईंनी मला एकांतात बोलावले. आधी प्रकृतीची चौकशी केली. त्यावरूनच संशय यायला हवा होता. नंतर अतिशय मृदू स्वरात म्हणाल्या की समारंभात मी फक्त ओठ हलवावेत. “तुम्ही उभे असलात की रांग भारदस्त दिसते, पंडितजी. फक्त आवाज नको.”
फक्त आवाज नको. गायनात.
मी ताडकन् म्हणालो की सहभागी व्हायचे तर कंठासह, अन्यथा नाही. त्या म्हणाल्या, “बरं.” ‘अन्यथा नाही’चा अर्थ त्यांनी नको तितक्या तत्परतेने लावला, हे पाहून मी भूमिकेत लवचीकता आणली.

निर्णय: ओठ हलवीन. परंतु ओठांतून श्वास जाणार, आणि श्वासाचा ध्वनी झाल्यास तो निसर्गाचा प्रश्न आहे. मी झुकलेलो नाही.
दोन संत्री खाल्ली. आता घसा राखायचा कोणासाठी?

मंगळवार, १९ मार्च
रिहर्सलनंतर खोली रिकामी झाल्यावर गोपाळरावाने मला थांबवले. म्हणाला, “काहून तोंड पाडून बसले, गा पंडितजी? या इकडं.” त्याचे म्हणणे असे की मागावर बसताना त्याच्या बापाने त्याला हात धरून शिकवले होते. पायाने दाबल्याशिवाय हाताने धोटा फेकायचा नाही. घाई केली की धागा तुटतो. तसेच तो माझे कोपर धरील. दाबले की म्हणायचे, सोडले की थांबायचे. बस.

वयाने ज्येष्ठ असलेल्या संस्कृतज्ञाचे कोपर धरून त्यास गायन शिकवणे हे औचित्याच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. मी नकार दिला. उद्या चारला बोलावले आहे. जाईन, केवळ त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून.

शुक्रवार, २२ मार्च
एक चिंताजनक प्रकार घडला.
तीन दिवस कोपर दाबून घेत आहे. आज यमुताईंनी पूर्ण पथकासह परीक्षा पाहिली. गोपाळराव तबला सोडून खांबाच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला. त्याने कोपर दाबले, मी म्हटले. सोडले, थांबलो. दुसऱ्या कडव्यात असे झाले की मला माझा आवाज ऐकू येईना. मी म्हणत होतो, घशात कंप होता, तरी माझा असा आवाज कुठे सापडेना. सगळीकडे एकच मोठा आवाज होता आणि तो कोणाचाच नव्हता. डावीकडचा खांदा माझ्या खांद्याला लागून श्वास घेत होता, उजवीकडचाही, आणि मीही त्याच वेळी.

कान तपासून घेतले पाहिजेत.

यमुताईंनी पेटी मिटली आणि म्हणाल्या, “झालं की, पंडितजी.” आवाजासह उभे राहण्याची परवानगी मिळाली. मी अर्थातच म्हणालो की यात नवल ते काय.
बस न पकडता धरमपेठेहून महालापर्यंत पायीच आलो. कारण सांगता येत नाही. वच्छलाबाईंनी दारातच विचारले, “काय झालं? हसून काहून राहिले?” मी हसत नव्हतो. ऊन तोंडावर होते.

शुक्रवार, २९ मार्च
पूर्वसंध्या. एक क्षुद्र अडचण. गोपाळरावाला माझ्या शेजारी उभे राहता यावे म्हणून उद्यासाठी बाहेरून तबलजी बोलावला होता, त्याची बोटे सुजली आहेत; तबल्यावर गोपाळरावच बसणार. म्हणजे कोपर मोकळे. गोपाळराव अस्वस्थ होता. म्हणाला, “माझ्या डोक्याकडं पाहाजा. मी मान हालवली का म्हणजा. नाई हालवली त म्हनूच नका, पाय पडतो तुमच्या.” मी त्याला निश्चिंत केले. मनुष्याला कुबडी किती दिवस लागते? नियम आत्मसात झाला आहे.
यमुताईंनी एकच बजावले. तिसरे कडवे प्रेमिला एकटी गाणार. वर्गातील ही मुलगी महिनाभर त्या चार ओळी जपते आहे. तेव्हा तिथे कोणीही, अगदी कोणीही मध्ये येऊ नये. हे सांगताना त्या छताकडे पाहत होत्या.

शनिवार, ३० मार्च, रात्रौ
वस्तुनिष्ठ वृत्तान्त लिहितो.
सभागृह तुडुंब. पंखे गरम वारा ढवळत होते. पुढे प्रिन्सिपॉल, पाहुणे, आणि त्यांच्या मागे सतरंजीवर आठवी ब. हा आमच्या प्रॅक्टिस लेसन्सचा वर्ग. माझे सर्व पाठ याच मुलांवर झाले. सुभाषिते मी सांगितली, त्यांनी मागून म्हटली, खणखणीत. मला पाहून त्यांची तोंडे उजळली. पाठीचे कणे सरळ झाले, हाताच्या घड्या पडल्या.

पहिले कडवे मी गोपाळरावाच्या मानेवर नजर ठेवून निर्दोष म्हटले. दुसरेही. बरोबर. सर्वांच्या बरोबर. हे येथे स्पष्टपणे नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याचे स्मरण कोणी ठेवणार नाही.

तिसऱ्याला प्रेमिला पुढे आली. तिने श्वास घेतला. समोर आठवी ब माझ्याकडे एकटक पाहत होती, जणू मी काही सांगायचे राहिले होते. बावीस वर्षे ज्याच्याकडे अशा दृष्टीने पाहिले गेले आहे तो मनुष्य काय करील? ओळ माझ्या तोंडून गेली. स्पष्ट, सार्थ, अनुस्वारासह. आणि मी थांबलो. माझा उजवा हात वर झाला होता असे नंतर कळले.
संपूर्ण आठवी ब ने ओळ मागून म्हटली.

त्यानंतर घटनांना वेग आला. मी चूक सावरण्यासाठी दुसरी ओळ हळू म्हटली. मुलांना ती सूचना वाटली. प्रेमिलाने एकदा प्रयत्न केला आणि ओठ मिटले. गोपाळरावाची मान इतक्या जोराने नकारार्थी हालत होती की ताल त्यातच गेला. शेवटच्या कडव्याला पथकही माझ्या मागून म्हणू लागले, दुसरा मार्ग उरला नव्हता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रिन्सिपॉल म्हणाले की वर्गावर एवढी हुकमत त्यांनी उभ्या हयातीत पाहिली नाही, आणि मला प्रात्यक्षिकात उत्तम श्रेणी देण्याचे सूतोवाच केले.

हा विजय आहे. नीट विचार केल्यास हा विजयच आहे.
प्रेमिला विंगेत पाठ करून उभी होती. मी समजावले की कलेत असे प्रसंग येतात. ती म्हणाली, “मले मालूम हाय, गुरुजी,” आणि वळली नाही. यमुताई एवढेच म्हणाल्या, “आज सगळे तुमच्या मागून म्हणाले, पंडितजी.” मी आभार मानले. त्या स्तुती करीत नव्हत्या, हे मला टांग्यात कळले.

रविवार, ३१ मार्च
खेद मुळीच नाही. दोष सर्वस्वी आसनव्यवस्थेचा. गायकांपुढे विद्यार्थी बसवू नयेत, ही साधी गोष्ट आयोजकांस कळू नये?
संकल्प: आजन्म गाणार नाही.

त्याच दिवशी, दुपारी
संकल्प मागे घेतला. घाबरून माघार घेणे माझ्या स्वभावात नाही. सकाळी प्रेमिलाच्या घरी जाऊन क्षमा मागून आलो, ती निव्वळ शिष्टाचार म्हणून. तिच्या आईने, कांताबाईंनी, चहा दिला. प्रेमिलाने आतल्या खोलीतून तिचे कडवे पूर्ण म्हणून दाखवले. मी एकही ओळ मध्ये म्हटली नाही. पेला दातांत धरून बसलो होतो.

सोमवार, २९ एप्रिल
परीक्षा संपली आणि मी माझ्या शाळेत रुजू झालो. निकाल यायचा आहे, तरी मी मनाने ट्रेंड आहे. उद्यापासून शाळेला उन्हाळ्याची सुटी. सकाळची शाळा, वह्यापुस्तके बंद, मुलांना वेळ कसा घालवावा कळेना. मला ही संधी वाटली. कॉलेजात जे साधले नाही ते स्वतःच्या वर्गात साधायला कोणाची आडकाठी?

मी सातवीस ‘फांदी हालली, ऊठ पाखरा’ शिकवले. पोरांना पाठ झाल्यावर व्यासपीठावरून उतरलो आणि मागच्या रांगेत, दोन मुलांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. जाहीर केले की आज मी सांगणार नाही, आपण सगळे बरोबर म्हणू. माझ्या मागून नाही, माझ्या बरोबर. मुलांनी होकार दिला. एक, दोन, तीन म्हटले आणि आरंभ केला.
मला माझा आवाज फार स्वच्छ ऐकू आला. कान उत्तम आहेत.

ओळ संपेपर्यंत संपूर्ण वर्ग मागे वळून माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी थांबल्याबरोबर त्यांनी ती सुरेख म्हटली. मी पुन्हा समजावले. पुन्हा म्हटले. पुन्हा तेच. मी आपला उगाच कोपर थोडे बाहेर काढून उभा राहिलो. शेजारच्या पोराला वाटले, गुरुजींना जागा हवी आहे. तो अदबीने सरकला.
मग पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “गुरुजी, तुमी समोर या ना. तुमी सांगा, आमी म्हणतो.”
घंटेला थोडा वेळ होता. समोर गेलो. सांगितले.